यादीत टाकलेला आवाज

मंडळी, एखादी सोय ऐच्छिक आहे, हे कुणी ठरवायचं?

मंद इंटरनेटवर आपलं मुक्त वाचन-सॉफ्टवेअर उतरवायला जड जातं, म्हणून मजकूर वाचून दाखवणारा भाग मी वेगळ्या पॅकेजमध्ये काढला होता.

आज सकाळी माजलगावच्या अंध गुरुजींचा फोन आला. "पोरी, नवं टाकलं अन् संगणक बोलंनाच. कावून? उद्याचा धडा ऐकायचा हाय मला."

"गुरुजी, आवाज आता वेगळा आहे. पडद्यावरच्या यादीतून निवडा."

ते हसले. "यादी दिसली असती तर आवाज कशाला लागला असता?"

घरातली पहिली पदवीधर मी, पण एवढं सुचलं नव्हतं.

पॅकेज वेगळंच ठेवलंय. मात्र मूळ सॉफ्टवेअरमध्ये माझ्या आवाजातलं एक वाक्य घालून दुपारीच सगळ्यांसाठी चढवलं. ते सुरू होताच ऐकू येतं: "आवाज हवा असेल तर एंटर दाबा."