बयाबाईकडे अडकलेले डबे

वरंधच्या वरच्या अंगाला आमचा डोंगर घोंगडी पांघरून बसलेल्या माणसासारखा दिसतो. त्याच्या माथ्यावर धनगरांची थोडी घरं. खालून पाहिलं तर घरं दिसत नाहीत, चुलींचा धूर तेवढा दिसतो. त्या मे महिन्यात बयाबाईच्या घरावरचा धूर फार बारीक झाला होता.

आम्रपाली जन्मली तुडीलच्या बौद्धवाडीत आणि लग्न करून आली बिरवाडीला. नवरा कारखान्यात. ती एका छोट्या संस्थेचं काम करायची. अडलेली घरं शोधायची आणि ज्यांच्या घरात चार घास जास्त आहेत त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे तिचं काम. मागताना तिची मान कधी खाली गेली नाही. किराणावाले राजेंद्रशेठ गूळ, हळीव, डाळ द्यायचे. चाळीतल्या बायका घरी लाडू वळायच्या, डाळभात रांधायच्या आणि स्वतःच्याच डब्यांत भरून द्यायच्या.

बयाबाईची लेक ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण अवघड गेलं. दवाखान्यापायी दारची एकुलती म्हैस विकली गेली. नर्सबाईंनी आम्रपालीला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीच्या अंगात रक्त नाही. पोटभर खाल्लं नाही तर आई आणि बाळ दोघंही हातची जातील."

म्हणून डबे सुरू झाले. बयाबाईच्या वाडीतला भागोजी सकाळी दूध घेऊन वरंधला उतरायचा, तो माघारी जाताना आम्रपालीनं तिथवर आणलेला डबा न्यायचा. डबे वर जात राहिले. खाली एकही आला नाही.

"माझ्या आईनं नाव घालून दिलेला डबा हाय तो," चाळीतली शर्मिला म्हणाली. "लाडू खाल्ले, चांगलं झालं. डबा पण खाल्ला काय गो?"

बायका हसल्या. पण पुढच्या खेपेला दोघींनी डबा भरलाच नाही.

आणि एका सकाळी भागोजीनं भरलेला डबा तसाच परत आणला. "म्हातारी घेत नाय, ताई. दार लावून घेतलं."

त्याच वाडीतल्या एका घरी आम्रपालीला ओंजळीत वरून पाणी वाढलं होतं. ती ते विसरली नव्हती. तिनं डबा घेतला आणि ती डोंगर चढायला लागली. रागानं पाय उचलत होते. रागाच्या खाली भीती होती.

दार बंदच. आत बाळाचा आवाज नाही.

"बयामावशी!"

दार हातभर उघडलं. "न्हे गो बाय, माघारी न्हे."

"ज्योती जेवली?"

"पेज दिली हाय."

"नुसत्या पेजेवर किती दिवस काढणार ती? माझ्या हातून आलेलं चालत नाय काय? तसं असेल तर तोंडावर सांग."

बयाबाईचा चेहरा एकदम उतरला. तिनं दार सताड उघडलं. "आत ये. ये, बघ."

भिंतीच्या फळीवर सगळे डबे ओळीनं मांडलेले. राखेनं घासून लख्ख केलेले. एकेकावरचं नाव दुरून वाचता येत होतं. खाली गोधडीवर ज्योती पडली होती, कागदासारखी पांढरी. छातीशी बाळाचं तोंड हलत होतं, पण त्याला रडायलाही जोर नव्हता.

"घासून ठेवलेस, मग धाडले का नाय?"

"रिकामे धाडू? बाळंतिणीच्या घरातनं?" बयाबाईचा आवाज चिरकला. "म्हस होती तवर कुणाचं भांडं माझ्या दारातनं रिकामं गेलं नाय. निदान ताक तरी घालत होते. आता काय घालू? तुझे डबे घेत राहू नि फळीवर मांडत राहू?"

आम्रपाली मटकन खाली बसली. शेजारणीची वाटी परत करायच्या आधी तुडीलच्या घरात गुळाचा खडा शोधणारी आई तिच्या डोळ्यांपुढे आली. या बाईला समजावून काही होणार नाही, हे तिला कळलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "राख घाल. बिरवाडीत सगळ्यांकडे गॅस. मासळी साफ करायला राख मिळत नाय."

"राख?" बयाबाई ओरडली. "तान्ह्या पोराच्या घरातनं राख देऊ? येडी हायस काय गो? नि म्हणं शिकलेली!"

गोधडीवर ज्योतीचे ओठ हलले. ती हसत होती. "आये," ती पुटपुटली, "तवशाचं बी दे ना."

बयाबाईनं वर पाहिलं. मग आढ्याला बांधलेली चिंधीची पुरचुंडी तिनं सोडली. येत्या पावसात लावायला ठेवलेलं काकडीचं बी. प्रत्येक डब्यात चिमूटभर टाकून तिनं झाकणं दाबून बसवली. शेवटचं झाकण बसलं, तेव्हाच आम्रपालीच्या हातातला भरलेला डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला.

आम्रपालीनं ज्योतीला पाठीशी धरून बसवलं. बयाबाईनं लाडू मोडून तिच्या तोंडात घातला. चावायला तिला किती वेळ लागला! दोघी बायका तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. घास खाली उतरला.

"आनिक," ज्योती म्हणाली.

मग बयाबाईनं तांब्या भरून आणला आणि आम्रपालीच्या हातात दिला. वरून ओतला नाही. आम्रपालीनं तो थोडा वेळ नुसता धरून ठेवला, मग पाणी प्यायली.

उतरताना पिशवीतल्या डब्यांत बी वाजत होतं. बिरवाडीत शर्मिलानं आपला डबा उघडला. बी तळहातावर घेतलं.

"हे कशाचं?"

"तवशाचं. बयाबाईनं दिलंय."

शर्मिलानं बी पदराच्या टोकाला बांधलं. डबा धुतला, पुसला आणि विचारलं, "ज्योतीला मेथीचे लाडू चालतात काय गो?"