साळुंकीला पाजलेलं दूध
दूध करपल्याचा वास आला की विहिरीच्या कपारीतून पडलेलं साळुंकीचं पिल्लू आठवतं. आज्जा त्याला नाकतोडे भरवायचा, मी ओंजळीत धरायचो. एका दुपारी आज्जा ओसरीवर झोपलेला असताना ते ओरडायला लागलं. पिल्लू म्हटल्यावर दूधच पिणार, असं समजून मी चमच्यानं त्याच्या चोचीत दूध ओतलं आणि ते गुदमरून मेलं. माझ्या रडण्यानं आज्जा उठला. त्यानं धोतराच्या सोग्यानं पिल्लाची चोच पुसली. संध्याकाळी आज्जी रानातून आली. “कुणी मारलं हे?” मी आज्जाच्या मागं सरकलो. “मीच दूध पाजलो,” आज्जा म्हणाला. “म्हातारे झालाव की! पाखराला दूध पाजतेत व्हय?” शाळा अर्धवट सोडून मी कामाला पुण्यात आलो, तरी आज्जी फोनवर अजून त्या दुधावरून त्याला टोमणे मारते. आज्जा हसून ऐकून घेतो आणि खरं सांगायचं धाडस मला अजून होत नाही.