निकिताची सावड

लोणी भापकरच्या छबूबाईंची निकिता मार्चमध्ये हंगेरीतल्या डेब्रेत्सेन शहरात उतरली, ती सहा महिन्यांसाठी. तिची पीएच.डी. इकडचीच, पण एक मोठा प्रयोग तिला तिथल्या विद्यापीठाच्या काचघरात करायचा होता. खारवट जमिनीत कुठली मिरची तग धरते? हा प्रश्न तिला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. कालव्याचं पाणी पिऊन पिऊन घरचं खालचं वावर खार फुटून पांढरं पडलं होतं आणि तिथं रोपं मरताना तिनं लहानपणापासून पाहिली होती.

शहर चांगलं होतं. ट्राम घड्याळावर यायची, खोलीत ऊब होती, आणि लोक तर फारच सभ्य. शेजारच्या खोलीतली बाई तीन आठवडे रोज हसायची आणि दार लावून घ्यायची. आपल्याकडं तेवढ्या वेळात माहेर, सासर, पगार, सगळं विचारून झालं असतं. पण निकिता कुढत बसणाऱ्यातली नव्हे. माणसं कामानं जोडायची, हे तिनं आईकडून उचललं होतं. छबूबाई आणि त्यांच्या शेजारणी लागणीच्या दिवसांत सावडीनं काम करतात. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, आभार नाहीत. जिचं रान, तिनं दुपारचं जेवण घालायचं.

मग काय, पोरीनं कंबर कसली. झोल्तान नावाचा तिच्याच वयाचा संशोधक एकटा माती चाळत होता, ही शेजारी जाऊन चाळू लागली. काचघराची व्यवस्था बघणाऱ्या, साठीतल्या इलोनाबाईंबरोबर तिनं सलग चार दिवस कुंड्या घासल्या. कुणाची रोपं उचलली, कुणाची पानं मोजली. प्रत्येक जण मनापासून आभार मानायचा आणि ही मनात म्हणायची, फिरली सावड. असे तिनं अकरा दिवस दिले.

जूनमधला एक मंगळवार तिच्या लागणीसाठी ठरला होता. नऊशे रोपं एकाच दिवसात कुंड्यांत जायला हवी होती, नाहीतर तुलनाच फसली असती. काचघर पुन्हा मोकळं होणार सप्टेंबरात, आणि तिचं परतीचं विमान ऑगस्टअखेरचं. आदल्या संध्याकाळी तिनं सहा माणसांच्या चपात्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली.

सकाळी आठ वाजले. नऊ वाजले. कुणी आलं नाही. तिची एकटीची पस्तीस रोपं लावून झाली होती. साडेनऊला तिनं आईला फोन लावला. तिकडं दुपार झाली होती, छबूबाई बांधावर जेवत होत्या.

"आई, कुणीच न्हाय आलं गं. अकरा दिस राबले मी त्यांच्याकडं."

"आदल्या दिशी सांगितलं व्हतंस का?"

"सांगायचं कशाला? त्यांना कळत न्हाय व्हय?"

"आगं येडे, हितं आमी जलमभर सावड करतोय, तरी बी दारात जाऊन सांगावं लागतं. तितल्या लोकांना सावड म्हंजी काय हे तरी म्हाईत हाय का? रडल्याबिगर आई बी पाजत न्हाय. ऊठ, रुसू नगंस. दारं वाजीव."

मागणं निकिताला जड जायचं. देताना ती राजासारखी द्यायची, मागताना तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तरी ती उठली. मातीचे हात तसेच घेऊन एकेक दार ठोठावत गेली आणि मोडक्यातोडक्या शब्दांत सांगत राहिली, आमच्या गावात असं असतं, मला आज माणसं हवी आहेत. मला विचाराल तर परदेशात एकटीनं विमानातून उतरण्यापेक्षा याला जास्त छाती लागते.

झोल्तान बैठक पुढं ढकलून आला. त्याच्यामागून आणखी तिघं आली. इलोनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाह्या सारल्या आणि पहिल्या ओळीला बसल्या. निकितानं दाखवलं, रोप असं धरायचं, अंगठ्यानं माती अशी दाबायची. एरवी दबून बोलणारी ही मुलगी त्या दिवशी आईच्या आवाजात सगळ्यांना हुकूम सोडत होती. दुपारी सहाही जणांनी चपात्यांवर ताव मारला, चटणीनं झोल्तानचे कान लाल झाले. साडेचारला नऊशेवं रोप लागलं.

निकिता आभार मानायला पुढं झाली. इलोनाबाई हात धुता धुता म्हणाल्या, "माझ्या आजोळी सगळे मिळून घरं अशीच बांधायचे. शनिवारी सातला माझ्या बागेत ये. चेरी उतरवायच्या आहेत. उशीर चालणार नाही."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तीन महिन्यांत त्या शहरात निकिताला पहिल्यांदाच कुणी हक्कानं कामाला बोलावलं. "सहालाच येते," ती म्हणाली, आणि मग नळाखाली तोंड घालून मनसोक्त रडली.