तीन हुड्यांना कुंकवाचं बोट

आता मी अकलेचे कसे दिवे पाजळले, ते कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा समोर आहेच, तर ऐका!

आमची चिनू सोळा वर्षांची. सुट्टीभर कॉलनीतल्या पोरांना चित्रकला शिकवली आणि त्या पैशांतून हुडी मागवली. स्वतःच्या कमाईची पहिली खरेदी! पार्सल उघडलं, तर आत एक नाही, तीन हुड्या. तिन्ही फिकट जांभळ्या!

माझं डोकंच फिरलं. "काहून गं, दुकान टाकून राहिली का?"

"बाबा, आप कुछ समझते ही नहीं!" पोरगी डोळे पुसत हुड्यांसकट खोलीत गेली. रात्री नीट जेवलीसुद्धा नाही.

मला फार वाईट वाटलं हो. पैसे तिचे, हौस तिची, आपण कोण बोलणार? माझ्या पहिल्या पगाराच्या शर्टाला आईनं कुंकवाचं बोट लावून देवापुढे ठेवलं होतं. नवा कपडा आमच्याकडे असाच अंगावर चढतो. मग काय! दुसऱ्या दिवशी चिनू ट्यूशनला गेल्यावर मी कुंकू ओलं केलं, तिन्ही हुड्यांना गळ्यापाशी ठसठशीत बोटं लावली, लेबलं कापली आणि लेक खूश होणार म्हणून दारातच बसलो.

आधी आला तो पार्सल परत नेणारा माणूस. पाठोपाठ सायकलवरून चिनू. "भैया, मीडियम रख रही हूँ, बाकी दो साइज़ वापस."

परत? अहो, अंगाला बसेल ती ठेवायची, उरलेल्या परत करायच्या, असं असतं म्हणे!

त्यानं हुडी उलटीपालटी केली. "टैग नहीं है. और ये दाग?"

"दाग नहीं है भैया, शुभ है!" मी कळवळून म्हणालो.

"अंकल, ऐप में शुभ का ऑप्शन नहीं है." आणि गेला की निघून!

चिनूनं हुड्यांकडे पाहिलं, माझ्या लाल बोटाकडे पाहिलं. आता ही घर डोक्यावर घेणार! तर ती खुदकन हसली, मग रडली. "बाबा, एक्स्ट्रा लार्जलापण लावलं?" आणि गळ्यातच पडली.

दोन हुड्यांचे पैसे मी तिला देऊन टाकले. लार्ज बायकोला, एक्स्ट्रा लार्ज मला. ती घालून मी आमच्या महाराजपुरात भाजी घ्यायला निघालो, की पोरगी रस्त्याच्या पलीकडून चालते.

परवा तिचं नवं पार्सल आलं. मी हात पुढे केला, तर पार्सलवाला मोबाइल पाहून एक पाऊल मागे सरकला.

"आप पापा हैं? सॉरी अंकल. मैडम ने लिखा है, पापा को मत देना."