अक्का बारवेचं पाणी पीत नसे

अक्का गावातल्या बारवेचं पाणी पीत नसे. बारव हाकेच्या अंतरावर, बाराही महिने भरलेली. तरी अक्का कमरेवर घागर घेऊन खटकचिंचोळीच्या वाटेवरच्या ओढ्यापर्यंत जायची, वाळूत झिरा उकरायची आणि वाटीवाटीने पाणी भरून आणायची. गावात नव्याने आलेल्या सुनांना वाटे, म्हातारीचं सोवळं कडक आहे. मुलांनो, सोवळ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्याने माझी आत्या, पण सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही. ती विधवा होती आणि शंकर हा तिचा एकुलता एक मुलगा. निजामाच्या राज्यात तिरंगा बाळगणं गुन्हा होता, तेव्हा तिने झेंडा शिवून गोधडीच्या अस्तरात लपवला होता. शंकर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. परत येताना ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर निजामाच्या बाजूच्या एका टोळीने त्याला गाठून मारलं. बातमी आली तेव्हा अक्का भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी तिने उलटली, भाजली, उतरवली आणि मग चुलीपुढेच आडवी झाली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताची फौज आली आणि निजामाने हार मानली. अक्काने गोधडी उसवून झेंडा काढला. पाटलांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट धाब्यावर, तो लावला. पाटलांना सारे अप्पा म्हणत. अक्काहून लहान, दर भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेणारे. त्या दिवशी दोघंही रडली.

त्याच आठवड्यात गावातल्या माणसांनी महबूब पिंजाऱ्याला आणि त्याच्या दोघा भावांना घरातून ओढून काढलं. शंकरला मारणाऱ्या टोळीशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते कापूस पिंजायचे, आमच्या गाद्या भरायचे. ‘शंकरचा सूड’ असं ओरडत गर्दी बारवेकडे गेली. अक्का आमच्या माळवदावर वाळत घातलेले उडीद गोळा करत होती, आणि तिथून बारव स्वच्छ दिसते. मी आठ वर्षांची, खाली अंगणात. मी पाहिलं ते एवढंच, की अक्का पाठमोरी शिडी उतरत होती आणि तिच्या ओच्यातले उडीद पायरीपायरीवर सांडत होते. तो आवाज मला अजून कधीकधी ऐकू येतो, इथे, या शहरातल्या घरात, जिथे शिडीच नाही.

पुढे गावाने बारव उपसली. भटजींनी पूजा सांगितली, सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटले. पाणी शुद्ध झालं असं ठरलं आणि रहाट पुन्हा फिरू लागले. आईने आणलेल्या पहिल्या घागरीकडे अक्काने पाहिलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी दिल्लीहून चार माणसं अशा हत्यांची चौकशी करायला येणार असल्याचं कळलं. पिंजारी आपणहून हैदराबादला निघून गेले, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. अप्पा आमच्याकडे आले.

“अक्का, चावडीत शंकरच्या नावाचा दगड बसवायलाव. हुतात्म्यांत पैलं नाव त्याचं. तू फकस्त घरात बस.”

“कामून? माझ्या तोंडाला काय झालंय?”

“अजून फौजा हायत्या, दुष्मन टपून बसलाय. आता आपल्याच माणसाविरुद्ध बोलणं म्हंजे देशाशी बेइमानी व्हतीया.”

“देश आपला हाय म्हणून तर बोलायचं, अप्पा. परक्याच्या घरातला केर कोण काढतंय?”

“मग दगडावर शंकर न्हाई. सांगून ठेवतो.”

अप्पा गेले, अक्का चुलीकडे वळली. मुलाचं दहन दुसऱ्याच कुणी केलं होतं. राखसुद्धा तिच्या हाती आली नव्हती. तिला मिळणार होता तो हा दगडच. दुसऱ्या दिवशी दिल्लीची माणसं आली, तेव्हा ती चावडीत गेली आणि भर सभेत म्हणाली, “मी माळवदावर व्हते. तिघास्नी बारवेत टाकलं. टाकणारे आमचेच.” त्यांनी नावं विचारली. “नावं साऱ्या गावाला ठावं हायती. ज्याची त्यानं सांगावी.” कुणीही सांगितली नाहीत. पाहुण्यांनी लिहून घेतलं. त्याचं पुढे काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही.

दगड बसला. पाथरवटाला आधीच सांगून ठेवलेली वरची जागा तशीच कोरी राहिली, खाली इतर गावच्या हुतात्म्यांची नावं आली. बायका अक्काला हळदकुंकवाच्या दिवशी फुलं आणायला सांगेनाशा झाल्या. पोरं तिच्यामागे ‘पिंजारीण’ म्हणून ओरडत. “व्हय, पिंजते की,” ती वळून म्हणायची, “ये, तुझं डोस्कं पिंजून देते.” पंधरा ऑगस्टला मात्र ती सगळ्यांच्या आधी चावडीपुढे येऊन, गर्दीपासून जरा दूर, ताठ उभी राहायची.

छप्पन साली आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात अक्का अंथरुणाला खिळली. मी कॉलेजातून आले होते. एका संध्याकाळी अप्पा आले, तिच्या उशाशी बसले.

“अक्का, एक शब्द बोल. उद्या पाथरवट बोलावतो. शंकरचं नाव वर कोरू.”

“काय बोलू?”

“इतकंच, की तवा लांबून नीट दिसलं न्हवतं.”

अक्काने डोळे उघडले. आवाजात राग नव्हता. भाऊबीजेला ‘बस की, जेवून जा’ म्हणायची, तसाच होता.

“दिसलं व्हतं की, अप्पा. रहाटापाशी तू व्हतास.”

मी कंदील लावायला उठले. परत आले तर अप्पा तिथेच होते, मुंडासं काढून मांडीवर घेतलेलं. अक्काला झोप लागली होती. दिव्याची वात मी मोठी केली, तर ते म्हणाले, “राहू दे, पोरी. बारीकच राहू दे.”