वाक्य पूर्ण होईपर्यंत

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, जन्मात कुणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी "आमची मुलगी तशी..." एवढंच म्हटलं, आणि तशी म्हणजे कशी हे अप्पांनीच सांगून टाकलं. हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे सरकारचा प्रत्येक आदेश त्यांना घरच्या माणसाने काढल्यासारखा वाटतो. त्याविरुद्ध कुणी ब्र काढला की अप्पा खुर्चीतून उठलेच म्हणून समजा. कोरोनात आदेश रोज बदलू लागले आणि अप्पांना बसायला उसंतच मिळेना.

त्यांचा विरोधी पक्ष आमच्या नेरुळच्या सोसायटीतच, समोरच्या विंगमध्ये राहायचा. नाना मूळचे इथल्याच सारसोळे गावचे. शहरासाठी गावची जमीन गेली तेव्हापासून सरकार या गोष्टीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. खाली उतरायला बंदी, म्हणून संध्याकाळच्या बातम्या संपल्या की दोघे आपापल्या गॅलरीत येत आणि पार्किंगच्या डोक्यावरून भांडत. मास्कबाबत अप्पांचा स्वतःचा नियम होता: बोलताना खाली, ऐकताना वर. त्यामुळे तो कायम हनुवटीलाच असायचा.

"बंद म्हणजे बंद. लोकांना शिस्त नको?" अप्पा गरजत.

"आनि गरिबानी खायचा काय? तुमची शिस्त?" नाना विचारत.

पुढे सरकारने दुकानं उघडली. अप्पा लगेच म्हणू लागले की माणसांनी खायचं काय, आणि नाना ओरडू लागले की लोकांना शिस्त नको का. पुन्हा बंद झालं, पुन्हा अदलाबदल. कपडे वाळत घालता घालता मी एकदा हे बोलून दाखवलं, तर दोघे प्रथमच एकमताने माझ्यावर घसरले.

मग आता सगळं सुरळीत झालं असं जो तो म्हणत असताना दुसरी लाट आली आणि नानांना ताप भरला. त्यांचा मुलगा दिवसभर बेडसाठी फोन करत होता. अखेर वाशीला एक मिळाला. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा अप्पा वर गॅलरीत, नाना खाली स्ट्रेचरवर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेची मला फार भीती वाटली. त्यानंतर फोन वाजला की आम्ही सगळे दचकायचो. अप्पांनी बातम्या लावणं सोडलं. माझं वाक्य तोडणंही त्यांना सुचेना.

एका दुपारी नानांच्या मुलाने वॉर्डातल्या नर्सला विनवून व्हिडिओ कॉल जुळवून दिला. नानांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे खोल गेलेले. अप्पांनी मनात तयारी केली असावी. ते हळूच म्हणाले, "नाना, तुमचंच बरोबर होतं. उघडायची घाई केली सरकारने."

नानांचे डोळे मोठे झाले. मास्कमधून अडखळत आवाज आला, "अप्पा... डॉक्टर काय बोलला तुमाला? मी... जातोय काय?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. धीर द्यायला गेले आणि निरोप देऊन बसले. मी मागून त्यांना ढोसलं.

"काही बरोबर-बिरोबर नव्हतं तुमचं," अप्पा ओरडले. "सरकारचा निर्णय शंभर टक्के योग्य होता. घरी या, समजावून सांगतो."

"खोटं..." नाना पुटपुटले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. फोन बंद झाल्यावर अप्पा रडले. मीही रडले.

नाना वाचले, पण त्यांचा दम पूर्वीचा राहिला नाही. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते गॅलरीत आले. "अप्पा, तुमचा सरकार..." एवढं म्हणाले आणि धाप लागून कठड्याला टेकले. आयतं तुटलेलं वाक्य समोर होतं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीचा मास्क नाकावर चढवला आणि ते थांबले.

आता मास्क सगळ्यांचेच सुटले. अप्पांचा मात्र अजून गॅलरीतल्या खिळ्याला असतो. घरात माझं वाक्य ते आजही अर्ध्यावर तोडतात. पण समोर नाना श्वास घेऊ लागले की तो मास्क चढवून अप्पा कठडा धरून उभे राहतात, आणि बऱ्याच वेळाने विचारतात, "झालं का?"

"नाय," नाना म्हणतात. अप्पा पुन्हा थांबतात.