उशिरा आलेलं हसू

माझा हा विद्यार्थी आता चाळिशीला आला. बाइंडिंगच्या कारखान्यात तो पुस्तकं शिवतो. शिलाई इतकी सरळ, की मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवतात. तो स्वमग्न आहे, हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा त्यानं तिशी ओलांडली होती. शाळेत असताना "बोलताना माझ्याकडे बघ" म्हणून मी त्याची हनुवटी वर धरत असे. आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चहाच्या सुट्टीत बाकीचे बाकावर बसतात. हा भिंतीकडे तोंड करून, पुठ्ठ्याच्या आत लावायच्या दुमडलेल्या कागदांत कविता लिहितो. कोणी जवळ आलं की घडी मिटतो. तशी एक मिटलेली घडी कोऱ्यांत मिसळली आणि यानेच ती पुस्तकाला लावली. गिऱ्हाइकानं पुस्तक परत आणलं. मालकांनी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं:

"तुम्ही हसता त्याच्या जरा आधी
एक दार उघडतं म्हणे.
मी पोचतो, तेव्हा आतून कडी."

कटिंग मशीनवाले म्हणाले, "अहो शिंपीबुवा, कडी कसली? आपल्या कारखान्याचं दारच मोडकंय!"

सगळे खो खो हसले. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. हसणं थांबलं, सगळे गप्प झाले, आणि मग हा एकटाच मोठ्यानं हसला.

तीन दिवस तो कामावर गेला नाही. बहिणीनं मला बोलावलं. तो कपाटाकडे तोंड करून बसला होता.

"कविता वाचली म्हणून रागावलास?"

"नाही बाई. मी उशिरा हसलो. सगळ्यांनी वळून बघितलं."

"त्यात काय एवढं?"

"असं सगळेच म्हणतात."

मी वरमले. मग तोच म्हणाला, "मला त्या बाकावर बसायचंय. कसं विचारतात?"

जन्मभर मुलांना बोलायला शिकवलं, पण हे कधी शिकवलं नव्हतं. म्हटलं, "बसू का, एवढंच विचार."

चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यानं जमिनीकडे बघत विचारलं. कागद दुमडणाऱ्या ताई सरकल्या. "बसा की! विचारता काय?"

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

चहा झाला, सगळे कामाला लागले. हा बसूनच. शेवटी मालकांनी हाक मारली तेव्हा उठला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. कान लाल झाले होते.

"बाई, मी त्यांना फसवलं. कपात एक घोट मुद्दाम ठेवला होता."